कोंबडीचे जंतू आणि माणसाचे आरोग्य

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि तह उभे राहतात. खेड तालुक्यातल्या माणसाला तर ते साहजिकच आहे. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन गड आमच्या पूर्वेला सह्याद्रीवर उभेच आहेत. परंतु इतिहास गडांवरच घडतो असे नाही. परसातल्या खुराड्यात आणि चुलीवरच्या टोपातही तो घडतो, आणि त्याच्याही सनावळ्या असतात. कोंबडीच्या पोटात राहणारे जंतू माणसाने कसकसे ओळखले, त्याची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

हा विषय निवडण्यास कारण घडले ते पुण्यात. २०२५ सालच्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील वस्त्यांत हातापायांतली शक्ती जाण्याचा एक आजार पसरला. त्याच्या चर्चेत कोंबडीचे नाव आले, आणि कोंबडी खावी की खाऊ नये, असा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. कोणी म्हणाले, कोंबडी बंद. कोणी म्हणाले, आमच्या आजा-पणजाने खाल्ली, त्यांना काय झाले? दोन्ही उत्तरे घाईची आहेत. खरे उत्तर हवे असेल तर थोडे मागे जावे लागेल.

कोंबडी ही माणसाची जुनी सोबतीण. तिचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या कातडीला जो पिवळेपणा असतो, तो करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या रानातलाच. म्हणजे जगभरच्या खुराड्यांत आपल्या डोंगराचाही थोडा अंश आहे.

इतक्या जुन्या सहवासामुळे पाळणाऱ्याला कोंबडीची पारख असते. तुरा लाल आहे, डोळा स्वच्छ आहे, दाणे टिपते आहे, तर कोंबडी चांगली. मान वाकडी झाली, पंख गळले, डालग्याखाली कोपरा धरून बसली, तर दुखणे आले. मानमोडीची साथ आली की सबंध वाडीची खुराडी रिकामी होतात, हे आपल्या मायबहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. ही पारख अगदी खरी आहे. मात्र ती कोंबडीच्या प्रकृतीची पारख आहे. त्या कोंबडीपासून आपल्याला काही बाधा होईल की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. हा फरक शास्त्रज्ञांच्या ध्यानात यायलाही फार वर्षे लागली.

आरंभ करू फ्रान्सपासून. लुई पाश्चरचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. १८७९-८० च्या सुमारास तो कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करीत होता. या रोगाने कोंबड्या पटापट मरत. तूसाँ नावाच्या पशुवैद्याकडून पाश्चरला या रोगाचे जंतू मिळाले, आणि ते वाढविण्यासाठी त्याने काय वापरले असेल? कोंबडीचाच रस्सा! त्या रश्श्यात जंतू चांगले वाढले. तेच जंतू जुने झाल्यावर कोंबड्यांना टोचले, तेव्हा कोंबड्या थोड्या आजारल्या पण मेल्या नाहीत. आणि पुढे ताजे, जहाल जंतू टोचले तरी त्या वाचल्या. प्रयोगशाळेत तयार केलेली पहिली रोगप्रतिबंधक लस ती हीच.

पाश्चर सुटीवर गेला, बाटली विसरली आणि शोध लागला, अशी गोष्ट आपण वर्गात सांगतो. ती गोड आहे. परंतु त्याच्या नोंदवह्या पुढे इतिहासकारांनी तपासल्या, तेव्हा त्यांत त्याचा सहकारी एमिल रू याचे पद्धतशीर प्रयोग आढळले. म्हणून शिक्षकांनी ही गोष्ट सांगताना रूचेही नाव घ्यावे, म्हणजे शोध केवळ दैवाने लागतात असा मुलांचा समज होणार नाही.

पण मला आज त्या लशीपेक्षा पाश्चरचे दुसरे एक निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. तेच जंतू त्याने गिनिपिगांना टोचले. त्यांना टोचल्या जागी एक गळू झाले, बाकी ते खातपीत, हिंडतफिरत राहिले. परंतु त्या गळवात जंतू जिवंत होते. अशा गिनिपिगांच्या सहवासात ठेवलेल्या कोंबड्या एकाएकी आजारी पडून मरू शकतात, हे पाश्चरने लिहून ठेवले. एक प्राणी धडधाकट असतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला मरण येते! आज सांगावयाच्या साऱ्या हकीकतीची किल्ली या एका वाक्यात आहे.

त्यानंतरच्या दहा वर्षांत जंतूंचे शोध भराभर लागले. १८८५ साली अमेरिकेत डॅनियल सॅमन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ यांना आजारी डुकरांत एक जंतू सापडला. काम स्मिथचे, पण १९०० साली त्या जातीच्या जंतूंना नाव मिळाले साहेबाचे: साल्मोनेला. सॅमन नावाच्या माशाशी याचा काही संबंध नाही, हेही मुलांना सांगावे.

१८८८ साली जर्मनीतल्या फ्रांकेनहाउझेन गावी आजारी गायीचे मांस खाऊन पुष्कळ माणसे ओकारी-हगवणीने पडली. बरेचसे मांस कच्चे खाल्लेला एक तरुण दगावला. ऑगस्ट गेर्टनर या डॉक्टरने त्या मांसात आणि त्या तरुणाच्या पाणथरीत एकच जंतू शोधून काढला. अन्नातून होणारी बाधा जंतूमुळे होते, याचा असा लख्ख पुरावा तेव्हा मिळाला. हाच जंतू पुढे साल्मोनेला एंटेरायटिडिस या नावाने ओळखला जाऊ लागला. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

याच सुमारास आपल्या पुण्यातही एक आरंभ झाला. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात सरकारने इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. हिंदुस्थानातल्या गुराढोरांच्या जंतुरोगांचे संशोधन तिथे सुरू झाले. असले जहाल जंतू दाट वस्तीत ठेवणे बरे नव्हे, म्हणून १८९३ मध्ये ती संस्था कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविली. तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. तिचे मूळ पुण्याचे, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे अंडी उबविण्याची यंत्रे आली होती. खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसते. यंत्रात शेकडो, पुढे हजारो अंडी एकदम उबू लागली. आणि पिल्ले पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी हगवण होऊन ढिगांनी मरू लागली. लिओ रेट्गर या शास्त्रज्ञाने १९०० च्या आसपास या रोगाचा जंतू शोधला. तोही साल्मोनेलाच्याच कुळातला निघाला. पण पिल्लांना तो लागतो कुठून? १९०९ पर्यंत रेट्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लहानपणी या रोगातून वाचलेली तलंग मोठी होऊन दिसायला छान, अंडी घालायला तयार अशी कोंबडी बनते. पण जंतू तिच्या अंडाशयात राहिलेला असतो, आणि तो अंड्यातून पिल्लात उतरतो. पुन्हा तीच गोष्ट! आई निरोगी दिसते आणि तिच्या अंड्यातून रोग जातो.

मग उपाय काय निघाला? डोळ्यांवर भरवसा न ठेवता रक्ताचा थेंब तपासणे. कोंबडीच्या पंखाखालचा रक्ताचा थेंब काचेवर घ्यावयाचा, त्यात तयार द्राव मिसळावयाचा. गुठळ्या झाल्या तर ती कोंबडी कळपातून काढावयाची. १९३५ साली अमेरिकेत यासाठी राष्ट्रीय योजनाच सुरू झाली. काही दशकांत पांढरी हगवण तिथल्या मोठ्या कळपांतून जवळजवळ नाहीशी झाली. भारतातही हीच चाचणी पशुवैद्यांच्या हाती आली.

इथवरचा इतिहास कोंबडी वाचविण्याचा झाला. यापुढचा आहे कोंबडी खाणाऱ्याला वाचविण्याचा.

१९८० नंतर इंग्लंड-अमेरिकेत अंड्यांतून माणसांना हगवण-ताप होऊ लागला. जंतू कोणता? आपल्या ओळखीचा, गेर्टनरला १८८८ मध्ये सापडलेला. या जंतूने मोठी कोंबडी सहसा आजारी पडत नाही. ती खाते, अंडी देते. अंड्याचे कवच शाबूत आणि स्वच्छ असते, आणि तरी आत जंतू असू शकतो. कोंबड्यांना मारणारे तिचे दोन भाऊबंद जंतू आपण कळपांतून हुसकले, म्हणून रिकाम्या झालेल्या जागी हा तिसरा येऊन बसला, असे मत काही संशोधकांनी २००० साली मांडले. ते पूर्ण खरे असो वा नसो, विचार करण्याजोगे आहे.

१९८८ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या आरोग्य खात्यातील मंत्री एडविना करी यांनी, देशातली बहुतेक अंडी या जंतूने दूषित आहेत, अशा अर्थाचे विधान केले. ते अतिशयोक्त होते. पण चार दिवसांत अंड्यांचा खप कोसळला, कोंबडीपालकांत हाहाकार उडाला आणि दोन आठवड्यांत करीबाईंना राजीनामा द्यावा लागला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. खरा उपाय मात्र नंतर, शांतपणे झाला. कोंबड्यांना लस टोचली जाऊ लागली, खाद्य आणि शेड यांची तपासणी सुरू झाली, १९९८ पासून अशा अंड्यांवर सिंहाचा शिक्का बसू लागला. २०१७ साली तिथल्या अन्नविभागाने सांगितले की, या शिक्क्याची अंडी गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी अर्धवट शिजलेली खाल्ली तरी चालतील. बोभाटा पंधरा दिवसांचा होता. त्याची भरपाई करणारे काम जवळजवळ तीस वर्षांचे.

दुसरा जंतू याहूनही चोरटा. त्याचे नाव कॅम्पिलोबॅक्टर. हा नागमोडी जंतू वर्षानुवर्षे लोकांना हगवण देत होता, पण सापडत नव्हता, कारण नेहमीच्या पद्धतीने तो वाढतच नाही. त्याला हवेतला प्राणवायू कमी लागतो आणि ऊब जास्त, सुमारे ४२ अंश. कोंबडीच्या शरीराची उष्णता ४१-४२ अंश असते. म्हणजे कोंबडीचे आतडे हे त्याचे माहेरच. इंग्लंडमधील वूस्टर येथे मार्टिन स्किरो या डॉक्टरने त्याला हवी तशी ऊब आणि हवा दिली, आणि १९७७ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हगवणीच्या ८०३ रुग्णांपैकी ५७ जणांत हा जंतू निघाला. हगवण नसलेल्या १९४ माणसांत एकातही नाही. आज जगात हगवणीच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. कोंबडीला मात्र त्याचा बहुधा काहीच त्रास नसतो.

मधल्या काळात औषधांचेही एक प्रकरण घडले. १९५० साली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड यांना दिसले की, ऑरिओमायसीन हे प्रतिजैविक खाद्यात थोडेसे मिसळले तर पिल्ले लवकर वाढतात. हे औषध ज्या प्रयोगशाळांतून आले, त्यांचे संशोधन-प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बराव होते. माणसाचे प्राण वाचविणारे औषध मग टनांनी कोंबड्यांच्या खाद्यात जाऊ लागले, आणि जंतू त्याला सरावले. १९६९ साली ब्रिटनच्या स्वान समितीने धोका दाखविला. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठीचे एक औषध बंद केले, कारण त्यामुळे कॅम्पिलोबॅक्टर औषधाला दाद देईनासा झाला होता. युरोपने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे थांबविले. आपल्याकडे २०१४ साली दिल्लीच्या एका संस्थेने कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या शेकडा ४० नमुन्यांत औषधांचे अंश निघाले. २०१९ मध्ये भारत सरकारने कोलिस्टिन या औषधाचा जनावरांसाठी वापर बंद केला. पिल्लू सुस्त दिसले की पुडी आणून पाण्यात टाकावयाची, ही सवय म्हणूनच सोडावयास हवी. औषध पशुवैद्याने सांगितले तरच, आणि सांगितले तितके दिवसच.

आता पुन्हा पुण्याकडे येऊ. २०२५ च्या त्या साथीत आजाराचे नाव होते गिलेन-बारे; वर्तमानपत्रांत 'जीबीएस' असे येत होते. फ्रान्समध्ये १९१६ सालीच त्याचे वर्णन झालेले होते. त्यात होते असे की, एखाद्या जंतूशी लढताना शरीराची चूक होते. कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावरचा एक भाग आपल्या मज्जातंतूंच्या आवरणातील घटकासारखा असतो. शरीर जंतू समजून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, आणि हातपाय लुळे पडतात. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण हजार माणसांत एखाद्यालाच असे होते, आणि बहुतेक रुग्ण बरेही होतात. तरीही पुण्याच्या त्या साथीत रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, आणि काहींचा मृत्यू झाला.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर निघाला, काहींत नोरोव्हायरस हा विषाणू. रुग्ण मुख्यतः नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांतले. हे नांदेड मराठवाड्यातले नव्हे, पुण्याला लागून असलेले गाव. तिथल्या विहिरीच्या पाण्यावर संशय गेला. खडकवासल्याच्या परिसरातील कोंबड्यांचेही नमुने घेण्यात आले. कोंबड्या मारण्याची गरज नाही, पाणी शुद्ध करून प्या आणि कोंबडी पूर्ण शिजवून खा, असे शासनाने सांगितले. ज्या पुण्यात १८८९ साली जनावरांच्या जंतूंचे संशोधन सुरू झाले, त्याच पुण्यात हा धडा मिळाला.

यापूर्वीची भीतीही आठवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. तो विषाणूचा रोग, आणि त्या वेळी कोंबड्या नष्ट करणे भागच होते. पण ज्या जिल्ह्यांत रोग नव्हता तिथल्याही पालकांचा माल पडून राहिला. २०२० च्या आरंभी कोरोनाचा कोंबडीशी काही संबंध नसताना अफवेने भाव पाडले. दहा कोंबड्या आणि अंड्यांवर मीठ-मिरचीचा खर्च भागविणाऱ्या बाईचे नुकसान अफवेनेही होते आणि रोगानेही. दोन्हींवर उपाय एकच: नेमकी माहिती.

तर मग आपण खेड-दापोली-चिपळूणकडच्या लोकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, गावठी कोंबडी म्हणजे जंतुविरहित, हा भ्रम नको. ती चवीला सरस आहे, परंतु उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही कॅम्पिलोबॅक्टर सुखाने राहतो. शेडातली आणि परसातली, दोघींना नियम सारखाच.

दुसरी गोष्ट, कच्ची कोंबडी नळाखाली धरून खळखळून धुऊ नये. ब्रिटनच्या अन्नविभागाने २०१४ साली हेच सांगितले. धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर कोशिंबिरीवर, पोळपाटावर आणि पोराच्या ताटलीवर जातात. आपल्याकडे कोंबडी साफ केल्यावाचून चैन पडत नाही, हे मी जाणतो. तेव्हा निदान पातेल्यात थोडे पाणी घेऊन, हात पाण्यात बुडवूनच ती स्वच्छ करावी, आणि ते पाणी विहिरीपासून दूर ओतावे. हळद, मीठ, लिंबू चवीसाठी लावा. त्यांनी जंतू मरतील अशी खात्री धरू नका.

तिसरी गोष्ट विहिरीची. आपली जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र; मृगाचा पाऊस पडला की अंगणातली घाण वाट काढीत विहिरीत उतरते. म्हणून खुराडे, उकिरडा आणि पिसे टाकण्याची जागा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावी. पावसाळ्यात पाण्यात क्लोरीनचे औषध टाकावे किंवा पाणी उकळून प्यावे.

चौथी गोष्ट शिजविण्याची. मांसाच्या आतल्या भागापर्यंत सुमारे ७५ अंश उष्णता पोचली की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही मरतात. रस्सा उकळतो तेव्हा तो शंभराच्या जवळ असतो. तेव्हा आपली कोंबडी-वड्यांची रीत मुळात चांगलीच आहे. हाडाजवळ लाली राहता कामा नये, इतकेच पाहावे. गौरीला किंवा शिमग्याला चाकरमानी घरी आले, टोप मोठा असला, तर तळाचे तुकडे वर आणावेत. उरलेले कालवण उकाड्यात रात्रभर उघड्यावर ठेवू नये, कारण कोमट अन्नात साल्मोनेला भराभर वाढतो. कच्च्या मांसाची विळी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय कांदा चिरू नये.

पाचवी गोष्ट अंड्याची. अशक्त पोराला किंवा तालमीतल्या गड्याला दुधात कच्चे अंडे फोडून देण्याची चाल अजून आहे. उकडलेल्या अंड्यातून शक्ती कमी मिळत नाही. उलट ते चांगले पचते. पिवळे घट्ट होईपर्यंत उकडावे, तडकलेले अंडे मुलांना देऊ नये.

शिक्षकांना एक सोपा प्रयोग सुचवितो. टेबलावर पांढरे कागद पसरा, मध्ये बशी पालथी ठेवा आणि तांब्याने लाल शाईचे पाणी तिच्यावर धार धरून ओता. मग कागदावरचे लाल ठिपके मुलांना मोजायला सांगा. जंतू दिसत नाहीत, पण ठिपके दिसतात. त्या दिवशी मूल घरी जाऊन आईला जे सांगेल, ते माझ्या या चार पानांपेक्षा अधिक पोचेल.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. जंतूंचेही तसेच. आपण न पाहिल्याने ते नाहीसे होत नाहीत, आणि कोंबडीला दोष देऊनही नाहीसे होत नाहीत. विहीर स्वच्छ, हात स्वच्छ आणि टोपाला चांगली उकळी, एवढे सांभाळले तर येत्या गौरीला पंगत निश्चिंत मनाने उठेल.